नापास गुरूंची वही

जयंतराव पांढरीपांड्यांना खरा गुरू सापडला असता, तर सगळ्यांत मोठं नुकसान त्यांच्या बायकोचं होतं. हिशेब सरळ होता. एक गुरू नापास झाला की कमलिनीला आणखी तीन-चार महिने मिळत. दहा गुरू नापास झाले, तीन वर्षं निघाली. बाकीच्या बायका नवऱ्याच्या हाताला यश यावं म्हणून उपास करतात; कमलिनी गुरुवार धरायची तो यश येऊ नये म्हणून. दत्तापुढे बसून गुरू न सापडण्याचं मागणं मागणारी भोपाळात ती एकटीच असावी.

कारण खरा गुरू म्हणजे ज्याला सगळं कळतं तो. आणि ज्याला सगळं कळतं, त्याला कमलिनीनं काय दडवलंय तेही कळणार.

जयंतरावांची पस्तीस वर्षं बरखेड्याच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. ओतीव कास्टिंग आलं की मापाचं गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर लाल रंगाचा पट्टा. "माल बघायचा, मालवाल्याचं तोंड नाही बघायचं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्तीनंतर टाउनशिपच्या कडेला घर बांधलं तेव्हा गवंडी तीनदा पळून गेला. मुलगा आशय चौथीत होता तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं आकाशकंदील केला. जयंतरावांनी पट्टी आणली, मापं घेतली आणि म्हणाले, "दोन बाजू तीन मिलिमीटरनं कमी आहेत." कंदील लागला, पण दुरुस्त होऊन, भाऊबिजेला. आशयनं पुढे कधी काही हातानं केलं नाही. तो कॉम्प्युटरकडे गेला आणि तिथून बंगळूरला.

घरात त्याच्या फोनचा दिवस ठरलेला होता. रविवार, सकाळी दहा. मधल्या वारी फोन आला तर जयंतराव आधी विचारत, "काय झालं?" आणि काही झालेलं नसलं तर रागावत.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. गच्चीवरच्या टाकीला व्हॉल्व्ह बसवायला माणूस आला होता आणि जयंतराव त्याच्या डोक्यावर उभे राहून आटे मोजत होते.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"आज गुरुवार आहे."

"हो, पण दोन मिनिटं—"

"रविवारी."

शुक्रवारी सकाळी बंगळूरच्या एका चौकात पाण्याच्या टँकरनं आशयची मोटारसायकल उडवली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दहा वाजता जयंतराव फोन समोर ठेवून बसले. अस्थी विसर्जन होऊन चार दिवस झाले होते.

इतकं जयंतरावांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते असं, की त्याच गुरुवारी, पाच मिनिटांनी, आशयनं आईला फोन केला होता. कमलिनी तेव्हा भाजीच्या गाड्याशी उभी होती.

"आई, राजीनामा दिलाय. आज रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. घरी येणार होतो, कायमचा. दारात तमाशा नको म्हणून आधी सांगायला गेलो, तर 'रविवारी' म्हणाले. जाऊ दे. तिकीट कॅन्सल करतो. उद्या ऑफिसात जाऊन राजीनामा मागे घेतो."

तो राजीनामा मागे घ्यायलाच निघाला होता. नाहीतर शुक्रवारी सकाळी तो त्या चौकात नसता, गाडीत वरच्या बर्थवर तोंडावर चादर घेऊन झोपलेला असता. हे गणित जयंतरावांच्या हाती लागलं तर ते दोन ओळींत सोडवतील आणि उत्तराखाली स्वतःचं नाव लिहितील, याबद्दल कमलिनीला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून बातमी आली त्या दिवशीच तिनं आपल्या फोनमधून तो कॉल पुसून टाकला.

जयंतराव रडले नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी एक वही घेतली, रकाने आखले आणि गुरू शोधायला लागले. मोक्ष वगैरे त्यांना नको होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती: पोराला काय सांगायचं होतं? ते कळायला त्रिकालज्ञ माणूस हवा. आणि माणूस त्रिकालज्ञ आहे की नाही ते कळायला आधी गेज हवं. म्हणून प्रश्न दोन. पहिला परीक्षेचा: मुलाशी बोलताना माझा शेवटचा शब्द कोणता? त्यात जो पास होईल, त्याचंच दुसऱ्या, खऱ्या प्रश्नाचं उत्तर धरायचं.

"याचं उत्तर जगात फक्त मला माहीत आहे," ते कमलिनीला समजावून सांगत. "फुटायची शक्यता शून्य."

"हो," कमलिनी म्हणायची आणि कुकरकडे बघायची.

मग सुरू झाली वरात. पुढे स्कूटरवर जयंतराव, मागे कमलिनी, डिकीत वही. नर्मदेच्या घाटावरचे बाबा म्हणाले, शेवटचा शब्द 'राम'. वहीत शेरा पडला: अंदाज. अरेरा कॉलनीतले गुरुजी थंडगार हॉलमध्ये डोळे मिटून म्हणाले, "लव्ह यू, बेटा." शेरा: आमच्या घरात असं बोलत नाहीत. एका मौनी महाराजांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'प्रश्न ही माया है'. शेरा: उत्तर टाळलं. एका माताजींनी जयंतरावांना छातीशी धरलं आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. जयंतराव ताठ उभे राहिले, त्यांचं रडणं संपेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "पण शब्द?"

दर वेळी कमलिनी मागच्या रांगेत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. महाराजांनी डोळे मिटले की ती मनात दत्ताला हाक मारायची. हा खरा निघाला तर? महाराज चुकले की ती सुटायची, प्रसाद घ्यायची आणि घरी येऊन नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघायची. एका हातानं मिळायचं, दुसऱ्या हातानं जायचं.

अकरावे सरोदेकाका. नेहरू नगरात तळमजल्यावर दोन खोल्या. सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. घरात अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली मोठी बहीण, सुलभाताई. महाराष्ट्र मंडळातला एकजण म्हणाला होता, "ते काही बोलत नाहीत हो, पण त्यांच्याकडून उठून आलं की आठ दिवस घरात भांडण होत नाही."

काकांनी स्वतःच चहा केला. कपांच्या कानांचा मेळ नव्हता, ते जयंतरावांनी टिपलंच. मग त्यांनी प्रश्न मांडले, दोन्ही, क्रमानं.

काकांनी कप खाली ठेवला. कमलिनीचं बोट पदरात काळंनिळं झालं.

"मला नाही हो माहीत," काका म्हणाले.

"पहिला की दुसरा?"

"दोन्ही. मला कसं माहीत असणार?"

"मग लोक तुम्हाला ज्ञानी कशाला म्हणतात?"

"म्हणतात?" काका मनापासून हसले. "पेन्शनच्या खिडकीवर तर कुणी म्हणत नाही. थांबा हं, ताईची कूस बदलायची वेळ झाली. दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. वहिनी, जरा हात लावता?"

आतल्या खोलीत दोघांनी मिळून सुलभाताईंना वळवलं. उशी नीट करता करता काका हळूच म्हणाले, "काय म्हणाला होता मुलगा?"

कमलिनीच्या हातातून उशी सुटली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. ते 'जगात फक्त मला माहीत आहे' म्हणाले तेव्हा तुम्ही दाराकडे बघितलंत. ऑफिसात फाइल दडवलेला माणूस बघतो तसं."

तीन वर्षं जे दहा दिव्यदृष्टीवाल्यांना दिसलं नव्हतं, ते या माणसाला नुसत्या दृष्टीनं दिसलं होतं. कमलिनी खाटेच्या कडेवर बसली आणि दबक्या आवाजात सगळं सांगून मोकळी झाली. तिकीट, राजीनामा, टँकर. मग हात जोडून म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर जाऊन त्यांना सांगा. पहिल्याचं उत्तर 'रविवारी'. आणि पोराला सांगायचं होतं की मी सुखात आहे. एवढंच सांगा. पाया पडते."

"खोटं नाही बोलता येणार मला."

"एका माणसाचा जीव वाचेल!"

"वाचेल की. पण मग ते मला गुरू समजतील. त्याचं पुढे काय करू?" काकांनी ताईची चादर सारखी केली. "वहिनी, हे त्यांना सांगत नाही ते त्यांच्यासाठीच ना?"

"नाहीतर कुणासाठी?"

काका सुलभाताईंच्या तोंडाची लाळ पुसत राहिले. आणि त्या शांततेत कमलिनीच्या तोंडून जे आजवर दत्तालाही सांगितलं नव्हतं ते बाहेर पडलं.

"मी 'ये' म्हटलं नाही, काका. माझ्या एका हातात कोथिंबिरीची जुडी होती. भाजीवाला सुट्टे मागत होता. मी म्हटलं, 'बघ बाबा, तुझं तू ठरव.' तो थोडा वेळ थांबला होता फोनवर. मी 'ये' म्हणेन म्हणून थांबला होता. मला कळत होतं."

काकांनी तिचं सांत्वन केलं नाही. आत्मा अमर आहे असं म्हणाले नाहीत. सुलभाताईंचा निर्जीव हात उचलून त्यांनी कमलिनीच्या हातावर ठेवला आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. हवं तर मी शेजारी येऊन बसतो. तेवढं मला जमेल."

"नको," कमलिनी म्हणाली.

घरी जाऊन जयंतरावांनी शेरा लिहिला: अज्ञानी, स्वतःच कबूल करतात. नापास.

त्या रात्री कमलिनीला नवऱ्याचंच एक व्याख्यान आठवलं. नवीन पोरांना ते कारखान्यात देत आणि घरी येऊन तिला पुन्हा ऐकवत. गेज चुकलं की दुहेरी नुकसान होतं. चांगला माल फेकला जातो आणि वाईट माल पास होऊन पुढे जातो. म्हणून मालाच्या आधी गेज तपासायचं, आणि ज्यानं बनवलं त्यानं तर ते कधीच तपासायचं नाही. हे गेज जयंतरावांनी स्वतः बनवलं होतं. त्यातून प्रामाणिक माणूस पास होणं शक्यच नव्हतं, कारण प्रामाणिक माणूस 'माहीत नाही' म्हणणार. पास होणार तो फक्त ज्याला कुणीतरी आधी सांगून ठेवलंय तो.

इथवर तिचा विचार बरोबर होता. पुढचं पाऊल चुकलं.

सरोदेकाकांनंतर जयंतरावांनी जेवण अर्ध्यावर आणलं. "आता कुणी उरलं नाही," म्हणायचे. एका रविवारी दहा वाजता कमलिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर ते न वाजलेला फोन कानाला लावून म्हणत होते, "बोल. आज रविवार आहे, बोल ना."

त्यानंतर तिनं ठरवायला वेळ लावला नाही.

मंडीदीपच्या रस्त्यावर स्वामी तेजोनिधींचा आश्रम होता. महाराज म्हणे समोरच्या माणसाचं मन पुस्तकासारखं वाचतात. पुस्तक कुठून येतं ते कमलिनीला मांडवाच्या तोंडाशीच कळलं. तिथे टेबलावर 'परिचय पत्र' नावाचा अर्ज भरून घेत होते. जयंतरावांनी तो भरायला साफ नकार दिला. "परीक्षकानं उत्तरपत्रिका द्यायची नसते," असं म्हणून ते पुढे जाऊन बसले. श्रुती नावाचा बिल्ला लावलेली सेविका कमलिनीला म्हणाली, "आंटी, समस्या वाला कॉलम खाली मत छोड़िए. महाराजजी तक वही पहुँचता है."

"पहुँचता है ना पक्का?"

"हंड्रेड परसेंट, आंटी."

रेशनपासून गॅसपर्यंत घरातले सगळे अर्ज आयुष्यभर तिनंच भरले होते. तिनं ठळक अक्षरात लिहिलं: पतीचा पोशाख, पांढरा शर्ट, दुसरी रांग. मुलाशी शेवटचा शब्द, 'रविवारी'. मुलाला सांगायचं होतं... इथे पेन थांबलं. 'मी सुखात आहे' लिहवेना. खोटं लिहायचं ठरवून आलेल्या बाईच्या हातून अर्धं खरं उतरलं: 'मी घरी येतोय'.

उरलेलं अर्धं तिनं आपल्याकडे ठेवलं.

महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला, पांढऱ्या शर्टाकडे बोट केलं. "आप. बेटे से आख़िरी शब्द... मराठी में है... रविवारी."

जयंतराव उभे राहिले.

"और बेटा कहना चाहता था, मी घरी येतोय." टाळ्या झाल्या. महाराजांनी त्या संपू दिल्या आणि मग पदरचं घातलं, "और वो आ भी गया है. पर कौन सा घर? जहाँ गुरु, वहीं घर. उसको यहीं ढूँढ़ो."

जयंतराव खाली कोसळले आणि रडले. तीन वर्षांचं साठलेलं रडणं ते. कमलिनी मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि तिला वाटलं, सौदा स्वस्तात झाला.

त्या रात्री ते तीन पोळ्या जेवले आणि सकाळी आठपर्यंत झोपले. वहीत एका शब्दाचा शेरा पडला: पास. पुढच्या आठवड्यात ते दोनदा आश्रमात गेले. महिन्याभरात रोज जायला लागले. महाराजांनी माणूस ओळखला होता, त्यांना आश्रमाचं कोठार सांभाळायला दिलं. दिवाळीच्या आधी जयंतरावांनी बॅग भरली.

"अहो, हे काय?"

"तो घरी येतोय म्हणाला होता, कमल. मी इथे वाट बघत बसलो आणि घर तिकडे होतं. मी तिथेच थांबतो आता."

"आणि मी?"

"तूही चल ना! मी कधी नाही म्हटलं?"

ते किती प्रेमानं म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या मऊ आवाजात तिला काही विचारलं नव्हतं. आणि अख्ख्या भोपाळात त्या महाराजांवर विश्वास ठेवणं जिला अशक्य होतं अशी एकच बाई होती. अर्ज तिच्याच अक्षरात होता.

दोन महिने ती एकटी राहिली. एके दिवशी चहा दोघांचा झाला, तेव्हा तिनं दोन्ही कप मोरीत ओतले आणि नेहरू नगरला गेली.

"काका, शेजारी बसायला येता?"

काकांनी घड्याळ बघितलं. "ताईला आत्ताच वळवलंय. दोन तास आहेत. चला."

आश्रमात भेटीचा दिवस ठरलेला होता: रविवार. त्या दिवशी तो योगायोगानं होता. जयंतराव पांढऱ्या कफनीत आले. गालांवर मांस चढलं होतं. बागेतल्या बाकावर मधे कमलिनी, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ते. तिनं सगळं सांगितलं. भाजीचा गाडा, तिकीट, राजीनामा, अर्ज. न रडता, क्रमानं, त्यांना आवडेल तसं.

जयंतराव शांतपणे ऐकत होते. "आशयनं तुला फोन केला होता?"

"हो."

"मोबाइलमध्ये असेल."

"मी पुसला."

"मग खूण काय?"

"खूण तुमचीच. 'रविवारी'. तुम्ही शेवटचं 'रविवारी' म्हणालात, हे मला त्यानंच सांगितलं."

जयंतराव हसले. त्या हसण्यात राग नव्हता, दया होती. "कमल, ते आता सगळ्यांनाच माहीत आहे. महाराज रोज प्रवचनात सांगतात. पुस्तिकेतही छापलंय." मग ते काकांकडे वळले. "तुम्हाला तर माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," काका म्हणाले. "वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं."

"म्हणजे सांगावं लागलं."

"हो."

जयंतरावांनी मान हलवली. वही जवळ नव्हती, पण शेरा पडलेला कमलिनीला दिसला. दोघंही नापास. "महाराज म्हणालेच होते," ते म्हणाले, "घरचं माणूस न्यायला येईल आणि काहीही सांगेल. रागवायचं नाही."

"अहो, मी 'ये' म्हटलं नाही त्याला!" आता मात्र तिचा आवाज फाटला. "हे कोण खोटं सांगेल? कुठली आई सांगेल?"

क्षणभर जयंतरावांचा चेहरा हलला. डोळे बारीक झाले, जुन्या सवयीनं, कास्टिंगवर केसाएवढी भेग दिसल्यासारखे. कमलिनी पुढे झुकली. आणि आत आरतीची घंटा झाली. ते लगबगीनं उठले, कफनी सारखी केली.

"कोठाराची किल्ली माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी बोलू," म्हणाले आणि गेले.

परतीच्या रिक्षात काका सारखं घड्याळ बघत होते. जहांगीराबादेच्या पुढे रस्ता अडला होता, त्यात पाऊण तास गेला.

आता जमाखर्च. महाराजांना कोठाराला चोख माणूस मिळाला आणि पुस्तिकेला गोष्ट मिळाली. जयंतरावांना झोप मिळाली. सरोदेकाकांना काही मिळालं नाही. सुलभाताई पाऊण तास जास्त एकाच कुशीवर राहिल्या आणि त्यांच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग उमटला. कमलिनीनं नवरा दिला, आणि खरं बोलायची तिची पाळी आली तेव्हा तिच्याकडची खूण खर्च होऊन गेली होती. पण या सगळ्यांपेक्षा जास्त आशयनं भरलं. मागे ठेवायला त्याच्याकडे एकच बोलणं होतं, रागाचं, रुसव्याचं, पण त्याचं स्वतःचं. ते त्याच्या आईनं अर्ध्यात तोडून अर्जावर लिहून दिलं होतं.